टनामागे चिमूटभर

सोहारच्या बंदरामागे आमची पिठाची गिरणी.
रात्रपाळीला फीडर माझ्याकडे.
वरून पीठ वाहत येतं, आणि बाजूच्या लहान डब्यातून
एक फिकी पिवळट भुकटी त्यात झिरपत राहते.
टनामागे चिमूटभर.
लोह असतं तिच्यात, आणि फॉलिक ॲसिड.

कुन्हीरामन साहेब म्हणतात,
फीडर अडकला तरी कुणाला कळणार नाही.
खुबूस तसाच फुगेल, तसाच फाटेल,
लोक त्याने मसुराची वाटी तशीच पुसून घेतील.
चवीत काही नाही. वासात नाही.
म्हणून दर दोन तासांनी
मूठभर पीठ पट्टीवर थापायचं, दाबून सपाट,
त्यावर आम्लाचे चार थेंब,
आणि थांबायचं.
लाल ठिपके उमटतात, गोवर आल्यासारखे.
ते लोहाचे.
फॉलिक दिसतच नाही.
लोह आलं म्हणजे तेही आलं असणार,
असं धरून चालायचं.
शेजाऱ्याच्या साक्षीवर काम चालतं आमचं.

डॉक्टर रहमांनी पडदा आमच्याकडे वळवला,
मग परत स्वतःकडे.
सुलक्षणा छताकडे बघत राहिली,
पोटावरची जेल पुसायचं राहूनच गेलं.
"पहिल्या अठ्ठावीस दिवसांत," त्या म्हणाल्या,
"बाळाची पाठीकडची नळी मिटते.
झिप ओढावी तशी.
कधी वरचं टोक उघडं राहून जातं."

अठ्ठावीस दिवस.
मी हिशेब केला. मला हिशेबच येतो.
त्या दिवसांत आम्ही हप्त्यावर गादी घेतली,
दुकानदाराशी उशांवरून वाद घातला.
पाळी दहा दिवस पुढे गेली तेव्हा ती म्हणाली,
उन्हाने असेल.
मिटायचं असतं तर तोवर मिटत आलं असतं.

"पण मी पालेभाजी खात होते की,"
एवढंच बोलली ती, आणि तेही मराठीत.
मी सांगितलं डॉक्टरांना.
शिजवता कशी, त्यांनी विचारलं.
माठ, देवगडच्या पद्धतीने:
भरपूर पाण्यात उकडून, घट्ट पिळून.
आणि ते पाणी?
मोरीत.
रहमा लगेच म्हणाल्या, भाजीचा दोष नाही, तुमचा नाही,
पुष्कळदा कारण सापडतच नाही.
हे मी तिला दोनदा सांगितलं.
दुसऱ्यांदा सांगायला नको होतं.

पुढे पोत्यावरचं लेबल वाचताना शोधलं:
फॉलिकच्या नावात पान आहे म्हणे, लॅटिनमधलं.
हे मात्र घरी बोललो नाही.

आणखी एक गोष्ट बोललो नाही.
आम्ही भात खाणारी माणसं.
रमजानला गिरणीकडून मिळायची ती दहा किलोची पिशवी
मी दरवर्षी दुर मोहम्मदला देऊन टाकायचो.
तो पोती उतरवतो, घरी सहा तोंडं,
त्याची बायको तव्यावर रोट्या लावते,
पाचवा मुलगा परवा बोट धरून गेटपर्यंत आला होता,
मला सलाम करून माझ्याच बुटावर थुंकला.
सगळे हसले. मीही.
ज्या गिरणीचा पगार खातो
तिचं पीठ माझ्या घरात नव्हतं.

आता आहे. सुलक्षणा पोळ्या करते, जाड होतात,
कडा कच्च्या राहतात, आम्ही खातो.

पहाटे तीनला फीडरचा आवाज बदलला तर
मला झोपेतही कळेल, घरी असलो तरी.
सकाळी बेकऱ्यांच्या गाड्या लागतात,
पीठ सुहारला जातं, शिनासला, बुरैमीला,
आणि कुठल्या तरी स्वयंपाकघरात
एक बाई तुकडा मोडून चहात बुडवते.
तिला अजून काही ठाऊक नाही.
उन्हाने असेल, म्हणते.

आमचं काही ठरलेलं नाही.
त्या विषयावर आम्ही बोलत नाही,
गादीवर मधे एक उशी असते.
पण रहमांनी लिहून दिलेली मोठ्या डोसची पिवळी गोळी
ती रोज रात्री घेते.
मी कामावर निघताना स्वयंपाकघरात
पाण्याचा पेला उपडा घातलेला असतो,
अजून ओला.